शेवटचं दीड मिनिट

२ एप्रिल

पोचले. सामान उतरवून झालं, कॉफी झाली आणि ही वही उघडून बसलेय. मन चक्क बरं आहे. तांपेरेहून निघताना वाटलं होतं, वाटेतच रडू फुटेल आणि गाडी कडेला घ्यावी लागेल. तसं काही झालं नाही. उलट शेवटचे दहा किलोमीटर मी गात आले, आणि मी गाते म्हणजे काय करते ते ओत्सोला विचारावं. आता विचारता येणार नाही, पण ते असू दे.

घर म्हणजे गावची जुनी डेअरी. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडली. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, जमिनीला उतार, मधोमध पाणी जायची जाळी. खिडकीबाहेर तळं, अजून गोठलेलं, पण काठाकाठाने करडं पडू लागलेलं. टाळी वाजवली की दोनदा परत येते. एक माइक उभा करून मी पंधरा मिनिटं नुसत्या टाळ्या वाजवत फिरले. तेवढ्यात घरमालकीण आउनेबाई किल्ली आणि वेलदोड्याचे गोड पाव घेऊन आल्या आणि दारातच थांबून बघत राहिल्या. वय चौऱ्याहत्तर, राहायला शेजारीच. म्हणाल्या, गेल्या वर्षीही याच सुमारास इथे असाच एक वेडा येऊन राहिला होता, गिटारवाला. तोही आल्या आल्या टाळ्या वाजवत फिरला. पोरगा देखणा होता हो, पण बायकोशी भांडून आला होता, तोंडावरच लिहिलेलं होतं. मी सांगितलं, ती बायको मीच. आउनेबाईंनी पाव टेबलावर ठेवले, त्यातला एक उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, मग आधी खा.

४ एप्रिल

कामाला लागले. आठ गाणी मेअखेर द्यायची आहेत. ओत्सोच्या गिटारची तेवीस रेकॉर्डिंगं डिस्कवर आहेत, त्यातूनच ती बांधायची. सगळी कोरडी आहेत, म्हणजे तारेतून सरळ यंत्रात घेतलेली. मध्ये ना अ‍ॅम्प, ना खोली. कोरडी गिटार ऐकायला फार केविलवाणी लागते, उकडलेल्या बिनमिठाच्या बटाट्यासारखी. तिखटमीठ नंतर प्लगइनने, म्हणजे आवाज बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने घालायचं.

आमचं प्लगइन तूरेने लिहिलंय. तूरे आमचा कॉलेजपासूनचा मित्र. प्लगइनचं नाव ‘वाया’, म्हणजे आमच्याकडे जळणाची लाकडं ठेवायची शेड. त्याने ते तिथेच बसून लिहिलं, कारण घरात जुळी मुलं. त्यात खोटे अ‍ॅम्प, खोट्या स्पीकरच्या पेट्या, खोट्या खोल्या सगळं आहे. आणि गिटारचे कपडे गिटारलाच घालावेत असा आमच्या धंद्यात नियम नाही. मी ते सिंथला, म्हणजे सिंथेसायझरला घालते, ढोलाला घालते, एकदा कपडे धुवायच्या मशीनलाही घातले होते. आज एका सिंथला ओत्सोच्या जुन्या अ‍ॅम्पचं सोंग दिलं तर ते हुबेहूब त्याच्या चालीने चालायला लागलं. मग मला उठून बाहेर जावं लागलं.

शेवटचं रेकॉर्डिंग गेल्या वर्षीच्या १४ एप्रिलचं आहे. अकरा मिनिटं चार सेकंद. साडेनऊ मिनिटं त्याने वाजवलंय, नंतरचं दीड मिनिट काहीच नाही. बंद करायला विसरला असेल.

७ एप्रिल

लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण वही माझीच आहे, लपवू कुणापासून. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी ओत्सोला म्हटलं होतं की या रेकॉर्डला तुझी गिटार नको. एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पुढे म्हटलं, तू तीन आठवडे घासतोस ते मी यंत्रावर दहा मिनिटांत करते. तो हसला. ओत्सो हसला की समजायचं, वर्मी लागलंय. त्याने गिटार पिशवीत घातली आणि इथे येऊन राहिला. तीन आठवड्यांत एकदाही फोन नाही. मीही केला नाही. अकड माझ्यातही कमी नाही.

१४ एप्रिलला दुपारी तो इथून निघाला आणि रस्त्यात मूस, ते घोड्याहून मोठं रानटी सांबर, गाडीला आडवं आलं. तो जागीच गेला. जिथे गाडी सापडली तिथून चार किलोमीटर पुढे रस्ता फुटतो. डावीकडे तांपेरे, म्हणजे घर. उजवीकडे त्याच्या भावाचं गाव. तो फाट्यापर्यंत पोचलाच नाही. घरी येत होता की मला सोडून भावाकडे चालला होता, हे मला माहीत नाही आणि जगात कुणालाच माहीत नाही. भावाला विचारलं, त्यालाही त्याने काही कळवलं नव्हतं. वर्षभर मी रोज त्या फाट्यावर उभी आहे. एवढं एक कळलं असतं तर मी बाकीचं सगळं सोसलं असतं.

९ एप्रिल

ते दीड मिनिट रिकामं नाही.

वायाच्या तोंडाशी एक फाटक असतं. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज ते आत सोडत नाही, म्हणजे तारांची खरखर वगैरे परस्पर बाहेर. आज ते सहज उघडलं आणि अ‍ॅम्प पार टोकाला नेला. ओत्सोची गिटार म्हातारी होती. जवळ बोललं तर तिचे पिकअप, तारांखालचे ते चुंबक, बोलणंही पकडायचे. आम्ही त्यावरून तिला चहाटळ म्हातारी म्हणायचो. तर त्या खरखरीच्या तळाशी त्याचा आवाज आहे. सामान आवरता आवरता बोलतोय. ‘केर्त्तू,’ अशी मला हाक मारतो, आणि मग आवाज खाली जातो. काहीतरी चार शब्द आहेत, पण मी पुढे वाकले की ते बुडतात.

मी खूप रडले. मग तोंड धुऊन पुन्हा ऐकलं.

१० एप्रिल

आवाज का बुडतो ते सापडलं. चूक माझीच. नाचाच्या संगीतात एक जुनी युक्ती असते: ढोल पडला की बाकीच्या आवाजांनी क्षणभर मान खाली घालायची, तो सरला की वर करायची. त्याने गाणं धपापल्यासारखं हलतं. वायातही ती सोय आहे. कुणाच्या इशाऱ्यावर मान घालायची तेवढं आपण निवडायचं. मी ढोलाऐवजी चुकून एक नंबरचा माइक निवडला होता, म्हणजे टाळ्यांसाठी उभा केलेला, या खोलीतला. तो चालूच राहिला होता. म्हणजे मी खुर्चीत हलले, खोकले, कप ठेवला, की ओत्सो गप्प. आमच्या घरीही असंच होतं, फक्त त्यासाठी यंत्र लागत नव्हतं.

चूक दुरुस्त केली. तर आवाज पूर्ण गेला. नुसती खरखर. चूक परत जशीच्या तशी केली, श्वास रोखून बसले. ‘केर्त्तू.’

तूरेला फोन केला. तो म्हणाला, अगं बाई, ती मान खाली घालायची सोय आहे, मेलेल्यांना उठवायची नाही; आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मग त्यालाच आपलं बोलणं खटकलं असावं. विचारलं, जेवतेस ना नीट. मी हो म्हटलं.

१२ एप्रिल

खोली गप्प करतेय. घड्याळाचा सेल काढला. लोकरीचे मोजे घातले, दोन जोड. फ्रिज बंद केला आणि गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवल्या. ही रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी रीत, म्हणजे निघताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो आणि तो पुन्हा चालू करायची आठवण होते. आउनेबाईंना सांगितलं की चार दिवस येऊ नका, काम नाजूक आहे. त्यांनी भुवया उंचावल्या. आज शनिवार, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवणार आहे, यायचं तर ये, एवढंच म्हणून गेल्या.

आज एवढं ऐकू आलं: ‘केर्त्तू, मी घरी...’ आणि माझं पोट गुरगुरलं. मी स्वतःच्या पोटाला शिवी घातली. मग हसू आलं, मग पुन्हा रडू.

१४ एप्रिल

वर्ष झालं. आउनेबाई बंदी मोडून आल्या. थडग्यावर लावतात तसली मेणबत्ती आणि थर्मासमध्ये कॉफी. पायरीवरच बसलो. मी विचारलं, तो जाताना काही बोलला का, कुठे जातोय वगैरे. नाही, म्हणाल्या, आणि मी विचारलंही नाही. आपल्यात कुठे कुणी विचारतं. किल्ली दिली, आभार मानले, आणि गाडी चालू ठेवून अर्धा तास नुसता बसून राहिला. मग गेला.

मी त्यांना सगळं सांगून टाकलं, माइक, चूक, ते चार शब्द. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. म्हणाल्या, अगं, माझा नवरा गेला तेव्हा मी वर्षभर दोन कप मांडत होते. पण तो ऐकू येईना म्हणून मी बडबड वाढवली, कोंबड्यांशी बोलले, रेडिओशी भांडले. तू उलटंच मांडलंयस. आपण गप्प बसलो म्हणून गेलेला माणूस परत येत नसतो, आपणच तिकडे जातो. सौनाला ये, चार माणसांत बस, घाम काढ. मी येईन म्हटलं.

संध्याकाळी वाक्य आणखी एक शब्द पुढे गेलं. ‘केर्त्तू, मी घरी येत’. पुढचा शब्द बुडला. होतो की नव्हतो? एका शब्दावर अडलंय सगळं.

१६ एप्रिल

श्वास रोखून ऐकते. पन्नास सेकंद जमतं आता.

आज एक गोष्ट झाली आणि मला ती आवडलेली नाही. वाक्याच्या मध्येच श्वास सुटला. तो थांबला. पुन्हा रोखला, तर तो सुरुवातीपासून नाही, जिथे थांबला होता तिथूनच पुढे बोलला. रेकॉर्डिंग असं करत नाही. रेकॉर्डिंग कुणाची वाट बघत नाही.

रेकॉर्डिंगची लांबी बघितली. होती अकरा मिनिटं चार सेकंद. अकरा मिनिटं एकतीस सेकंद.

१९ एप्रिल

ईस्टरचा शनिवार. आउनेबाईंनी दारात मेम्मी ठेवून दिली, राय धान्याची काळी खीर. ओत्सो तिला डांबर म्हणायचा आणि दोन वाट्या खायचा. मी दार उघडलं नाही. बिजागरी वाजते.

हे मऊ पेन्सिलने लिहितेय. पेनाचा आवाज माइकला कळतो. पेन्सिलचाही थोडा कळतोच, म्हणून थोडक्यात.

अकरा मिनिटं अठ्ठावन्न.

तो नवीन बोलला. विचारतोय, कुणीतरी आहे ना तिथे.

मी उत्तर दिलं असतं. पण बोलले असते तर तो बुडाला असता.

२१ एप्रिल

एक गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती. ओत्सो मला केर्त्तू म्हणत नसे. केर्त्सी म्हणायचा, लग्नाच्या आधीपासून. केर्त्तू फक्त भांडताना.

म्हणजे एकतर हा ओत्सो नाही. किंवा तो आहे, आणि अजून रागावलेला आहे.

यातल्या कशाची जास्त भीती वाटते ते मला सांगता येत नाही. तरी हेडफोन काढलेला नाही.

२३ एप्रिल

तूरेचा फोन आला. मी बोलले. तो हॅलो, हॅलो करत राहिला. म्हणाला, ऐकू येत नाहीये, केर्त्तू, आहेस का? मी ओरडले. तो म्हणाला, लाइन मेलेली दिसतेय, आणि ठेवला.

माइकच्या आवाजाची पातळी दाखवणारा काटा बघितला. टेबलावर हात आपटला, काटा ढिम्म. खुर्ची पाडली, ढिम्म. टाळी वाजवली. फरशांतून ती परत आली नाही.

माइक बिघडलेला नाही. काटा हलतोय. बारीक, नेमाने. मिनिटाला बहात्तर वेळा.

मनगटावर बोट ठेवून मोजलं. माझाच ठोका.

२४ एप्रिल

आता प्रत्येक ठोक्याला तो मान खाली घालतो. आमच्या नाचाच्या गाण्यात असतं तसंच— ढोल माझ्या छातीत, आणि बाकी सगळं गाणं तो.

केर्— मी— री— येत—

शेवटच्या शब्दावर ठोका हमखास पडतो. दरवेळी. तो जणू नेम धरून पडतो.

२५ एप्रिल

घाबरले. पळाले. मोज्यांतच तळ्यापर्यंत गेले. बर्फ काठापासून सुटलाय, मध्ये काळं पाणी दिसतं. छाती धाडधाड करत होती आणि ते इतकं बरं वाटलं. पलीकडे आउनेबाईंच्या सौनाचा धूर होता. दोनशे पावलं. जायचं होतं. खरंच जायचं होतं.

पण मग मला कधीच कळणार नाही.

परत आले. रेकॉर्डिंग अकरा मिनिटं चार सेकंद. शेवटचं दीड मिनिट रिकामं. दिवसभर रिकामं. तो रुसला होता, किंवा गेला होता. मी त्या खुर्चीत बसून हात जोडले, ओत्सो, चुकले, पुन्हा उठणार नाही, परत ये.

२६ एप्रिल

आलाय.

ठोके अठ्ठेचाळीस.

२७ एप्रिल

आउनेबाई खिडकीशी आल्या. बाहीने काच पुसली. आत बघितलं, नीट, या खुर्चीकडेच. मी हात वर केला. त्या रिकाम्या खुर्चीकडे बघावं तशा बघत राहिल्या, मग मागे वळून माझ्या गाडीकडे बघितलं. हाका मारल्या असाव्यात, तोंड हलत होतं. मला ऐकू आलं नाही. मला आता फक्त तोच—

गेल्या. जाताना रडत होत्या का? त्यांना तरी सांगायला हवं होतं की मी आहे.

ठोके एकेचाळीस.

२८ एप्रिल

आज म्हणाला, केर्त्सी.

केर्त्सी म्हणाला.

मग म्हणाला, तो ढोल तेवढा बंद कर ना. कामाच्या वेळी म्हणायचा त्याच आवाजात. राग नाही. लाडीगोडी.

माहीत आहे मला— हे नाव इथे, या वहीत, मीच लिहिलं होतं, एकवीस तारखेला. तोपर्यंत त्याला ते ठाऊक नव्हतं. कळतंय मला. मी काही मूर्ख नाही.

पण त्या नावाने हाक ऐकून एक वर्ष झालं होतं.

२९ एप्रिल

बोटं गार. लिहायला वेळ लागतो.

तू ओत्सो नसलास तरी चालेल. तुला माहीत असेल तर सांग. तेवढंच सांग. नव्हतो म्हणालास तरी चालेल, मी काही म्हणणार नाही—

सव्वीस.

३० एप्रिल

मला म्हणायचं होतं की तुझी गिटार हवी होती. दहा मिनिटांत नसतं जमलं. वर्षभर करतेय, जमलं नाही.

एकोणीस. भीती वाटते. फार भीती वाटते, ओत्सो—

१ मे

फरशांवर ऊन. तळं मोकळं झालं.

दोन ठोक्यांमध्ये आता पूर्ण शब्द मावतात. एकेक स्वच्छ. फक्त शेवटच्यावर—

पुन्हा म्हण

पडला. पुन्हा

या वेळी ठोक्याला उशीर होतोय. अजून नाही पडला. अजून नाही— म्हण ना—

केर्त्सी, मी घरी येत